खांद्यावरची चार बोटं

९ नोव्हेंबर

ताई,

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तर आधी खुशाली विचारायची रीत. विचारत नाही. तुझी खुशाली काय असणार ते कालच्या पेपरात पहिल्या पानावर होतं.

मी तो लादी पुसताना पाहिला. तुला ठाऊक नसेल, मी त्याच पेपरच्या कचेरीत झाडूपोछा करते. सात वर्षं झाली. सकाळी सहाला जाते तेव्हा ताजे गठ्ठे जिन्याखाली पडलेले असतात. काल वरच्याच गठ्ठ्यावर आपल्या ढब्याचं तोंड. डोक्यावर हे एवढाल्या अक्षरांत: ‘औषधवाल्याचा खुनी जेरबंद’. खाली नाव, आणि नावापुढे ‘उर्फ ढब्या’. गाल फुगलेले होते म्हणून आपण ढब्या म्हणायचो, ताई. उर्फ लावलं की देवमाणूससुद्धा दरोडेखोर वाटतो.

चौथीच्या पुढे मी शिकले नाही, पण बातमी चार वेळा वाचली. बोट ठेवून. औषधाच्या दुकानात शिरून कोणीतरी मालकाच्या डोक्यात गज घातला. दोन दिवस आधी ढब्या त्याच्याशी बाटली बदलून देण्यावरून भांडला होता. पोलिसांच्या हातात आहे ते एवढंच. आणि पेपरवाले लिहितात, खुनी. त्याने कबूल केलं म्हणे. कोणाजवळ? ह्यांच्या कानात येऊन सांगितलं का? अजून त्याला धड कोर्टापुढे उभा केलेला नाही आणि इथे निकाल लागला.

तू कोणाशी बोलू नकोस. वहीपेन घेऊन कोणी दारात आला तर दार लाव. गोड बोलतात, पाणी मागतात, पाण्याबरोबर सगळं घेऊन जातात. फोटो कुठून मिळाला असं तुझ्या मनात येईल. ह्यांना कुठूनही मिळतो. त्यावर डोकं शिणवू नकोस.

मला भीती वाटते आहे. हे लिहायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला लिहिलं.

धाकटी


१४ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुला अकरा वर्षं दिलं नाही.

आजचा पेपर पाहिलास? ‘मिशी काढली तरी ओळखलाच!’ परवा पोलिसांनी ढब्याला सात-आठ जणांच्या रांगेत उभा केला आणि दुकानासमोरच्या इस्त्रीवाल्याला आणलं. खून झाला तेव्हा पळणारा माणूस त्याने पाहिला होता ना, तोच. म्हणतात, इस्त्रीवाला रांगेपुढून एकदाच चालला आणि ढब्यापुढे थांबला. म्हणाला, हाच. तेव्हा मिशी होती, आता काढली आहे, पण मी फसणार नाही.

मी ते वाचलं आणि बादलीच्या कडेवर बसले. बादली कलंडली. कचेरीतला शिपाई ओरडला, “बाई, पूर आणता का?” मला ऐकूच आलं नाही.

तेव्हा मिशी होती? ताई, ढब्याने मिशी कधी काढली ते तुला माहीत आहे, आणि मलाही माहीत आहे. दुधाच्या कारखान्यात पिशव्या भरायला लागला तेव्हा. फेब्रुवारीत. तिथे दाढीमिशी चालत नाही, रोज दारात हनुवटी बघून आत सोडतात. खून झाला ऑक्टोबरात. आठ महिने ज्याच्या ओठावर केस नाही त्याची मिशी त्या इस्त्रीवाल्याला कुठून दिसली?

पेपरातल्या फोटोत दिसली. आठ तारखेच्या. त्यात ढब्याला मिशी आहे. त्या माणसाने गुन्हेगार ओळखला नाही, पेपर ओळखला.

मला हे सगळं कसं माहीत, असं तू विचारशील. ढब्या माझ्याकडे येत होता. चार वर्षं. माझे हे वारले त्या दिवशी तू आली नाहीस, तो आला होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा. तुला सांगू नको असं मीच त्याला म्हटलं. पाहिजे तर माझ्यावर राग धर, त्याच्यावर नको. पाच वर्षं ज्याला मांडीवर वाढवलं तो दारात उभा राहिला तर कोणत्या तोंडाने परत लावू? तू आजारी होतीस तेव्हा ठेवून घे म्हणालीस, बरी झालीस तेव्हा न्यायला आलीस, आणि त्याने माझा पदर सोडला नाही तर म्हणालीस, वांझेला दुसऱ्याचं पोर गोडच लागतं. मी विसरले नाही. पण आज ते काढायचं नव्हतं, निघालं.

वकील कोण दिला आहे? मिशीचं त्याला सांग. कारखान्यातल्या मुकादमाला घेऊन जा.

धाकटी


३ डिसेंबर

ताई,

इथे कचेरीत कोणी मोठ्याने बोलत नाही. तुमच्या वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अर्ज केला ना, त्याची नोटीस आली. कोर्टाचा अवमान. संपादकसाहेबांनी ती वाचली आणि चहाचा कप माझ्या हातात न देता हवेतच सोडला. तुकडे मी गोळा केले. शिपाई सगळ्यांना सांगत फिरतो, “सहा महिने आत! ज्याने बातमी लिहिली तो, ज्याने छापली तो, आणि ज्याने फोटो दिला तोसुद्धा!” मजेत सांगतो मेला. त्याच्या बापाचं काय जातं.

मी तेव्हा जिना पुसत होते. तोच जिना मी त्या सकाळी तीनदा पुसला.

काल टेबलं आवरताना कागद पाहिला. कोर्टाला उत्तर द्यायचं म्हणून टाईप करून ठेवलेला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून वाचताना हातात फडकं ठेवलं. त्यात लिहिलं आहे, फोटो आरोपीच्या आईने स्वतः आणून दिला. अगदी अलीकडचा म्हणून दिला. ओळख परेड बिघडावी आणि मुलगा सुटावा म्हणून मुद्दाम दिला. तुझं नाव आहे, ताई. पूर्ण नाव, वय, पत्ता.

आता तुला बोलावतील. तू म्हणशील, मी दिला नाही, आणि कोर्ट म्हणेल, मग कोणी दिला? पोराच्या आईवाचून त्याचा फोटो असतो कोणाकडे?

माझ्याकडे असतो.

मी दिला, ताई. हे लिहायला मला पंचवीस दिवस लागले. पहिल्या पत्रात मी तुला म्हटलं, डोकं शिणवू नकोस. चोराच्या मनात चांदणं.

सात तारखेला पोलिसांकडून आलेला फोटो बातमीदाराच्या टेबलावर होता. तोंडावर कापड टाकलेला माणूस, दोन्ही बाजूंनी धरलेला. पण पायातल्या चपला मी ओळखल्या, मीच घेऊन दिल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “हा माझा ढब्या!” उचलली जीभ लावली टाळ्याला. तो बातमीदार, चष्मेवाला, सात वर्षांत मला कधी ‘अहो’ म्हणाला नव्हता. तो उठला आणि मला खुर्ची दिली. म्हणाला, “मावशी, हा असला फोटो गेला तर लोकांना तो गुंडच वाटणार. घरचा एखादा चांगला द्या. हसरा. घरचे म्हणतात मुलगा निर्दोष आहे, असंही छापू.” मी दुपारी घरी जाऊन घेऊन आले.

तीन वर्षांपूर्वी ढब्या मला स्टुडिओत घेऊन गेला होता. दोघांचा फोटो. तो खुर्चीत, मी मागे, हात त्याच्या खांद्यावर. तोच दिला. आणि खरं सांगते, आता लपवून काय उपयोग, मला वाटलं ते दोघांचा छापतील. खाली लिहितील, मावशीसोबत. एकदा कुठेतरी छापून यावं की तो माझाही आहे. एवढ्यासाठी, ताई.

मला कापून टाकलं. पण हात कापता आला नाही, खांदा गेला असता. आठ तारखेचा पेपर असेल तर काढ. त्याच्या डाव्या खांद्यावर बघ. चार बोटं दिसतील. करंगळीच्या शेजारचं वाकडं आहे. ते तू ओळखशील. त्या बोटावर दार कोणी लावलं होतं ते तुला आणि मलाच ठाऊक, आईला तर मी पडले म्हणूनच सांगितलं.

आता तू काय करायचं ते कर. फक्त मला शिव्या घालायला तरी एक कार्ड टाक.

धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

मी पत्र तुला लिहिलं होतं. कोर्टाला नाही.

आज सकाळी कामावरून आले तर दारात एक बाई उभी. काळा कोट हातावर. मला वाटलं, आलंच बोलावणं. किल्ली कुलपात जाईना. ती म्हणाली, “घाबरू नका, मी तुमच्या ताईंकडून आले,” आणि पिशवीतून माझंच पत्र काढलं. माझी वेडीवाकडी अक्षरं, आणि खाली कोणीतरी शिसपेन्सिलीने रेघा मारलेल्या. त्या रेघा तुझ्या की तिच्या?

तुझी वकीलबाई भली आहे. फार भली आहे म्हणून भीती वाटते. मी तिला म्हटलं, मला एकदा सरळ सांगा, ह्यात चूक काय झाली. तिने माझ्या मोडक्या स्टुलावर बसून सांगितलं. “खटला उभा राहायच्या आधी पेपरने निकाल लावायचा नसतो. आणि ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा छापायचा नसतो. नाहीतर साक्षीदाराने रस्त्यात काय पाहिलं आणि पेपरात काय पाहिलं, ते त्याचं त्यालाच वेगळं करता येत नाही.” इस्त्रीवाला खोटारडा नाही म्हणे. त्याला खरंच वाटतं की त्याने मिशी पाहिली.

मुकादमाने हात वर केले, हे तिच्याकडूनच कळलं. पोलीस विचारायला गेले तर म्हणाला, “इतक्या माणसांत कोण कोणाची मिशी मोजतं?” त्याला आपली नोकरी प्यारी. मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? सरकारचं म्हणणं असं की ढब्याने खुनानंतर मिशी उतरवली, आणि त्याला आधार काय, तर पेपरातला ‘अलीकडचा’ फोटो. तो जुना आहे हे दाखवलं तर ती गाठ सुटते. पण दाखवायचं कशाने? ती म्हणाली, “मूळ फोटो असता तर.”

ताई, फोटो तेव्हा पिठाच्या डब्यात होता. तिच्यापासून दोन हातांवर.

तो माझ्याकडे कसा, ते ऐक. कचेरीत वापरून झालेले फोटो पाकिटात घालून खोक्यात टाकतात. खोकं भरलं की मी ते मागच्या पत्र्यामागे नेऊन जाळते. ते कामच माझं. मागच्या सोमवारी चष्मेवाल्याने अर्धं खोकं माझ्या हातात दिलं. “मावशी, हे आजच. माझ्यासमोर.” खोकं अर्धं कधी जाळत नाहीत. तो माझ्यासोबत मागे आला, पहिली काडी स्वतः ओढली. मग त्याला वरून हाक आली. मी पाकिटं उलटी केली. चौथ्या पाकिटात आम्ही दोघं होतो. ढब्याभोवती लाल पेन्सिलीची चौकट, आणि माझ्या तोंडावर फुली. इथवर ठेवा, हिला काढा, असं छपाईवाल्याला सांगायची त्यांची खूण असते. मागे स्टुडिओचा शिक्का. शिक्क्यात तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

ज्याचा फोटो त्याच्याच हातात जाळायला दिला. सात वर्षं मी तिथे आहे, मला नाव आहे की तोंड आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

मी तो पोटाशी धरून आणला. तेव्हापासून मला वाटतं सगळ्यांना दिसतो आहे. काल चष्मेवाला जिन्यात उभा राहिला, मला वाट देईना. म्हणाला, “सगळं जाळलं ना?” मी म्हटलं, राख दाखवू का? तर हसला. म्हणाला, “मावशी, तुमचं नाव आम्ही कुठेही घेतलं नाही. उपकार समजा. नाव निघालं तर फोटो देणारी म्हणून पहिल्या तुम्ही आत. आणि आतल्या बायकांना भेटायला कोण येतं? तुम्हाला तर मूलबाळ नाही.”

हे बरोबर तुझ्यासारखं बोलला.

वकीलबाईंना मी काहीच सांगितलं नाही. विचार करते म्हटलं. त्या गेल्या, आणि मी डबा उघडून बसले आहे. कोर्टात गेले तर नोकरी गेली, कदाचित मीही गेले. नाही गेले तर तू खोटी ठरतेस आणि ढब्या फासावर. इतकं सोपं आहे आणि तरी माझे पाय उठत नाहीत. मला तुरुंगाच्या दाराची भीती नाही, ताई, ते आतून लागतं की बाहेरून, कसं लागतं, त्याचा आवाज कसा येतो, ह्याची आहे. दार लागण्याचा आवाज मला अजून सहन होत नाही. हे तू समजशील. दुसरं कोणी नाही.

धाकटी


६ जानेवारी

ताई,

उद्या अकरा वाजता. फोटो वकीलबाईंना दिला. त्यांनी तो दोन कागदांत ठेवला, पीठ झटकलं नाही. म्हणाल्या, राहू दे.

कामावर आज सांगून आले, उद्या येत नाही. शिपायाने विचारलं, का? म्हटलं, तुझ्या सहा महिन्यांचं काय ते विचारून येते. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग हळूच म्हणाला, “बाई, जेवून जा. तिथे दिवसभर बसवतात.”

भाकरी केली आहे, गिळत नाही. तू ये असं म्हणत नाही. आलीस तर मागे बस, मला दिसू नकोस. तू दिसलीस तर मी रडेन, आणि रडणाऱ्या बाईचं कोर्टात कोणी खरं धरत नाही.

धाकटी


९ जानेवारी

ताई,

तू होतीस तिथे, तरी लिहिते. तुला मागून माझी पाठच दिसली असेल.

शपथ घेताना माझा आवाज मला दुसऱ्याच बाईचा वाटला. न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, “बाई, फोटो तुम्ही दिलात हे सांगताना तुमच्यावरही ठपका येऊ शकतो, हे समजतं का?” मी म्हटलं, समजतं साहेब, महिनाभर तेच समजते आहे. कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

पेपरच्या वकिलाचा आवाज कसा गोड होता ऐकलंस ना? “हा फोटो जुना असेल, आम्ही नाही कुठे म्हणतो? पण आम्ही छापला तो हा नव्हेच. तो अलीकडचा होता. आईने दिलेला. हरवला.” एवढं करून हरवला! लाल चौकटी काय, कोणीही मारेल म्हणाला. चष्मेवाला वहीत बघत बसला होता. वही कोरी होती, मला दिसत होतं.

वकीलबाईंनी आठ तारखेचा पेपर पुढे केला आणि म्हणाल्या, खांदा पाहावा. साहेबांनी भिंग मागवलं. किती वेळ बघत होते ताई, मला वाटलं ह्या भिंगाखाली माझं आयुष्य जातं. एकदा पेपर, एकदा फोटो, पुन्हा पेपर. मग म्हणाले, “डावा हात वर करा.”

मी केला. दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागलं.

“हे बोट कशाने वाकलं?”

मी म्हटलं, लहानपणी पडले.

बाकी सगळं खरं सांगितलं. दोघांचा छापतील असं वाटलं, हेसुद्धा सांगितलं, भरल्या कोर्टात, मान खाली न घालता. एवढंच एक खोटं. आता रोज वाटतं, शपथेवर खोटं बोलले, हाही अवमानच की. वकीलबाईंना विचारलं तर त्यांनी कपाळावर हात मारला.

दुपारनंतर संपादकसाहेब उभे राहून माफी मागत होते. न्यायाधीशसाहेब म्हणाले, माफीचं नंतर बघू, आधी ‘आईने दिला’ हे शपथेवर कोणी लिहिलं ते सांगा. तिथे मी उठले, मला पुढचं ऐकवेना. माझ्यावर काय ते अजून सांगितलेलं नाही. फोटो मात्र ढब्याच्या खटल्यात पाठवायचा हुकूम झाला. नोकरी गेली, ते तुला सांगायला नको. शिपायाने माझा डबा आणि चपला घरी आणून दिल्या.

ढब्या अजून आतच आहे. फोटोने परेडची गाठ सैल झाली, सुटली नाही. पुढची तारीख तीन फेब्रुवारी. इस्त्रीवाला पुन्हा उभा राहील आणि त्याला जे खरं वाटतं तेच सांगेल. मला त्याचीच जास्त भीती आहे. खोटारड्याला तरी पकडता येतं.

आणि तू. जिन्यापाशी आलीस, अकरा वर्षांनी पहिला शब्द काय बोललीस, तर “पडलीस काय गं?”

मी म्हटलं, मग काय सांगू, न्यायाधीशापुढे तुझी चुगली करू?

तू माझा हात धरलास. सगळा नाही, ते एकच बोट. बाजूने लोक जात होते, एक हवालदार म्हणाला, “बाजूला व्हा, बाजूला व्हा,” तरी सोडलं नाहीस. विचारलंस, दुखतं का अजून. मी म्हटलं, छे, केव्हाच नाही.

तेही खोटं होतं. दुखतं. थंडीत जास्त.

तीन तारखेला मी सकाळच्या गाडीने येते. स्टँडवर ये. आणि घरात जाताना दार तू लावू नकोस, मी लावेन.

धाकटी